रक्त बाहेर असताना

सोमवार, ११ नोव्हेंबर

नवी नोकरी, नवी खोली, नवी चप्पल. चप्पल चावते आहे, बाकी सगळं झकास.

औशाहून निघताना आईने इतकं सामान दिलं की एसटीच्या कंडक्टरने विचारलं, बाई, लग्न ठरलंय की काय. खोली थेरगावात आहे, डांगे चौकाकडून आत शिरलं की भाजीबाजाराच्या मागे. मालकीणबाईंनी किल्ली देताना अटींची माळ लावली. अंडी शिजवायची नाहीत, नळ सोडून जायचं नाही, गच्चीवर केस वाळवायचे नाहीत. केसांचं काय वावडं ते कळलं नाही, पण मी मान डोलावली.

आणि डायलिसिस सेंटर! मला वाटलं होतं सुतकी वातावरण असेल. दुसऱ्या मजल्यावरचा लांबट हॉल, खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान, आणि वर काय थट्टामस्करी चाललेली. टीव्हीवर जुना सिनेमा, प्रत्येकाच्या बाजूला कपाटाएवढं मशीन घरघरतंय, हातातून रक्त नळीने बाहेर जातंय, धुऊन परत आत येतंय, आणि माणसं गप्पा छाटतायत. पाण्याचं पथ्य म्हणून चहा अर्धाच कप. तो अर्धा कप कोण जास्त वेळ पुरवतो याच्या पैजा लागतात. टेक्निशियन जयदीप म्हणाला की मॅडम, इथं पिकनिकला आलोय असंच समजायचं. मला मॅडम म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं. कान तृप्त झाले.

माझं काम असं. मोनिका मॅडम, म्हणजे इथल्या किडनीच्या डॉक्टर, एक अभ्यास करतायत. डायलिसिसवरच्या माणसांचं मन किती खचतं आणि ते त्यांच्या रक्तात दिसतं का, हे बघायचं. मी पेशंटला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि त्यांचं थोडं रक्त घेऊन बर्फाच्या डब्यातून लॅबला पाठवायचं. बस. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मन खचलंय का ते विचारायला पगार देतात होय? जेवलीस का ते सांग आधी.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मंगळवार-गुरुवार-शनिवारची दुपारची बॅच माझ्या वाट्याला आली. मशीन सुरू होण्याआधी कोणाला बोलतं करणं शक्य नाही, कारण येतात तेव्हा धापा टाकत येतात. संपल्यावर अंगात त्राण नसतं, कधी एकदा रिक्षा मिळते असं होतं. त्यामुळे प्रश्न विचारायचे ते मशीन चालू असताना. तेव्हा ती जागची हलू शकत नाहीत, हाही फायदाच म्हणायचा.

शालनबाई सगळ्यांत जुन्या. थेरगावच्याच, मूळ गावातल्या. शेतं होती तिथे आता त्यांच्या मुलांच्या चाळी आहेत. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि हॉलभर ऐकू जाईल असा आवाज. मी विचारलं की गेल्या पंधरवड्यात मन उदास वाटलं का. त्या म्हणाल्या, मन उदास व्हाया येळ कुटाय, सुना किती हायेत मला!

सयाजी अडतिशीचे, परळीकडचे. चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला होते. अजूनही कंपनीचा निळा शर्ट घालून, खांद्याला डब्याची पिशवी लावून येतात. त्यांच्या हातावरची शीर, म्हणजे ऑपरेशन करून मशीनसाठी मोठी केलेली, तिला फिस्टुला म्हणतात, ती त्यांनी मला बोट लावून बघायला लावली. आत बारीक गुणगुणत असते, माशी पकडल्यासारखी. ते म्हणाले, ताई, हा आमचा मोबाइल, कायम व्हायब्रेटवर.

आणि करिष्मा. तळवड्याची, माझ्याहून लहान. नखांना प्रत्येक वेळी नवा रंग. ती प्रश्न संपायच्या आधीच 'नाही, नाही, अजिबात नाही' म्हणते आणि माझ्या चपलेला हसते.

सगळ्यांचे गुण शून्य. आख्ख्या बॅचमध्ये एकाचंही मन खचलेलं नाही. मला वाटलं, मीच काही चुकीचं विचारतेय की काय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

लॅबचे पहिले रिपोर्ट आले आणि मोनिका मॅडम बराच वेळ कपाळ चोळत बसल्या. त्यांनी मला समजावून सांगितलं. शरीरात आतल्या आत सूज धुमसत असली की रक्तात काही घटक वाढतात, आणि काही, जे असायला हवेत, ते घटतात. खचलेल्या माणसांत हे पुष्कळदा दिसतं. किडनीच्या आजारातही दिसतं, म्हणून घाईने निष्कर्ष काढायचा नाही. पण सयाजींचे आणि करिष्माचे आकडे नुसत्या किडनीचे वाटत नाहीत, म्हणाल्या. ही माणसं तोंडाने शून्य सांगतायत, तनुजा, आणि रक्त काही वेगळंच सांगतंय.

तुलनेसाठी निरोगी माणसांचंही रक्त लागतं, म्हणून जयदीपने आणि मी आमचंही दिलं होतं. माझा रिपोर्ट ठणठणीत. आईला कळवला. तिला वाटलं पास झाले.

जयदीपला विचारलं की हे लोक खोटं का बोलतात. तो आधी टाळाटाळ करत होता, मग म्हणाला की खोटं नाही, इथला रिवाज आहे. मशीन लागलं की रडगाणं बंद. कोणी सुरू केलंच तर बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवतात. त्याने नोकरी धरली तेव्हापासून असंच आहे.

मी सरळ शालनबाईंना गाठलं. त्यांनी मला जवळ बसवून, आजवर वापरला नव्हता इतका हलका आवाज काढून सांगितलं. रगत भायेर आसतंय तवर त्ये उघडं आसतंय, पोरी. उघड्यावर वंगाळ बोलू न्हाई. जे बोलशील त्ये परत आत जात न्हाई.

मला हसू आवरलं नाही. मी म्हटलं, वाईट गोष्ट बाहेरच गेली तर बरंच की, आजी! त्यांनी पदर नळीवर ओढून घेतला.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मोनिका मॅडम म्हणाल्या होत्या की छापील प्रश्नांपलीकडे जा, माणसासारखं विचार. आज विचारलं.

सयाजींशेजारी स्टूल घेऊन बसले. त्यांना माझ्या बाबांबद्दल सांगितलं. तेही डायलिसिसवर होते आणि कोणीही विचारलं तरी 'बरंय' म्हणायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा 'बरंय' म्हणाले. त्यांना काय वाटत होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो, हेही सांगितलं.

सयाजींनी डब्याची पिशवी पोटाशी ओढून घेतली. मग बोलायला लागले. कंपनीने केव्हाच कमी केलंय. चाळीत कोणाला माहीत नाही, म्हणून शर्ट घालून डबा घेऊन निघतात. डायलिसिस नसेल त्या दिवशीही निघतात आणि निगडीच्या बसथांब्यावर बसून डबा खातात. बायको लेकराला घेऊन परळीला गेली आहे. लेकरू फोनवर विचारतं, पप्पा, शिफ्ट कवा सुटणार? ते सांगतात, ओव्हरटाइम चालूय बाळा. मला म्हणाले, ताई, लेकराला खरं सांगावं तर वाईट वाटतं, खोटं सांगावं तर वाईट वाटतं, काय करावं बगा, रोज ह्या शिरंवर बोट ठिवतो आन् वाटतं दाबून धरावं.

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. ते बोलत गेले तसा त्यांचा चेहरा सुटत गेला.

मान वर केली तेव्हा हॉल शांत होता. टीव्ही कोणीतरी फुल केला होता, पण माणसं गप्प होती. सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे फिरवली होती आणि प्रत्येकाने आपापल्या नळीवर काहीतरी झाकलं होतं, टॉवेल, उपरणं, वर्तमानपत्र. करिष्मा तेवढी आमच्याकडे बघत होती.

आज डोकं जड आहे. डाव्या मनगटात काहीतरी थरथरतंय. स्टुलावर हात दबला असेल.

मंगळवार, १० डिसेंबर

सयाजींचा नवा रिपोर्ट आला. आकडे खाली! मोनिका मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. बोलण्याने मन हलकं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण रक्तात इतकं, इतक्या लवकर उतरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, तुझ्यात काहीतरी हातगुण आहे.

सयाजी आज निळा शर्ट घालून आले नव्हते. डबाही नव्हता. पिवळाधमक टी-शर्ट, आणि शीळ घालत होते. मी लेकराची चौकशी केली, तर म्हणाले, आसंल की मजेत.

मी खूश आहे. खूश असायला हवं. फक्त मनगट थांबत नाही. बोट लावलं तर आत गुणगुणल्यासारखं लागतं. मला फिस्टुला नाही. जयदीपला दाखवलं, त्याने बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं. म्हणाला, नस उडत असेल, डॉक्टरांना दाखवा.

शनिवार, १४ डिसेंबर

परवा याच बॅचमधले यशवंतराव बोलले. भोसरीला वर्कशॉप होतं त्यांचं, ते मुलाने विकून टाकलं, आणि वडलांना विचारलं नाही. एवढंच, आणि सांगून झाल्यावर त्यांनी टीव्हीचा रिमोट मागून घेतला.

आज करिष्मा. मी विचारलंच नव्हतं. तिनेच माझा हात ओढून मला बसवलं. म्हणाली, सयाजीदादा कसे मोकळे झाले, मलाही करा ना ताई मोकळं.

तिच्या पोटात बाळ होतं, तेव्हाच किडन्या गेल्या. सातव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगी होती. तिने तोंड पाहिलं नाही, पाहू दिलं नाही. नवरा बंटी तळवड्यात एका छोट्या युनिटला आहे, स्वभावाने गरीब. तो तिला एका शब्दाने बोलत नाही, हीच तिची तक्रार. त्याने एकदा तरी ओरडावं, तुझ्यामुळे गेलं म्हणावं, असं तिला वाटतं. जावेला बाळ झालं तर घरातल्यांनी ते तिच्याकडे दिलं नाही, सुईच्या हातावर लाथ बसेल म्हणून. तिच्या काळजीपोटीच. ती म्हणाली, ताई, नखं रंगवते ना, ती हाताचं दुसरं काही कुणी बघू नये म्हणून.

मी तिला जवळ घेतलं. शालनबाई पलीकडून ओरडल्या, आगं पोरी गप, आगं तिला गप कर कुनी तरी! मला त्यांचा राग आला. एक मूल मन मोकळं करतंय आणि ही म्हातारी...

खोलीवर आल्यावर उशी पोटाशी धरून बसले होते. किती वेळ, माहीत नाही. का, तेही माहीत नाही. मी कधी असं बसत नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

सयाजी गेले.

मंगळवारी आले नाहीत, गुरुवारी आले नाहीत. गुरुवारी जयदीपने फोन लावून माझ्याकडे दिला. आवाज अगदी प्रसन्न होता. निगडीला उसाचा रस पितोय म्हणाले, दुसरा ग्लास. मी ओरडले, रडले, म्हटलं तुम्हाला पाणीसुद्धा मोजून आहे, आत्ताच्या आत्ता रिक्षा करा. ते शांतपणे म्हणाले, कशाला ताई. कायच वाटंना गेलंय आता. लई ब्येस हाय.

मॅडमनी अॅम्ब्युलन्स पाठवली. चाळीतल्या लोकांनी सांगितलं ते घरी नाहीत. काल सापडले, बसथांब्यावर. झोपल्यासारखे बसले होते म्हणे.

आज हॉलमध्ये कोणीही त्यांचं नाव घेतलं नाही. थट्टा चालू होती, अर्ध्या कपाच्या पैजा चालू होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. शालनबाईंचं मशीन अजून लागायचं होतं, त्या माझ्यामागे आल्या आणि पाठीवर हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या की त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं का मन मोकळं करायचं? त्याही घरी जाऊन देवापुढं रडतात, म्हशीपाशी रडतात, पण इथं नाही. दुख आंगात आसतंय म्हनून पाय हिकडं वळत्यात, पोरी. कुनासाठी तरी जीव तुटतो म्हनून ही सुई टोचून घ्यावी वाटती. त्ये तू काढून घेतलंस. आता कशाला यील त्यो?

मी विचारलं, काढून घेतलं ते कुठे गेलं?

त्या माझ्या मनगटाकडे बघत होत्या.

मंगळवार, २४ डिसेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या की निर्णय घेतलेलं माणूस कधी कधी अचानक शांत होतं, हे शास्त्राला माहीत आहे, आपल्याला दिसायला हवं होतं, चूक माझीही आहे. यशवंतराव आणि करिष्मासाठी समुपदेशक बोलावल्या. दोघांनी हसत उत्तरं दिली. दोघांचे गुण शून्य.

पहिलं शून्य खोटं होतं. हे खरं आहे. मला त्या खोट्या शून्याची आठवण येते.

माझं रक्त पुन्हा तपासायला दिलं, मीच मागे लागून.

मला माहीत नसलेल्या गोष्टी आठवतायत. प्रेसच्या तेलाचा वास. विकलेल्या वर्कशॉपच्या शटरचा आवाज. छातीत दूध दाटल्यासारखं दुखतं. देवा, मी कुमारिका आहे.

गुरुवार, २ जानेवारी

यशवंतरावही गेले. सोमवारी. त्यांनीही डायलिसिसला येणं सोडलं होतं. मुलगा सांगत होता, शेवटी फार समाधानी होते.

माझा रिपोर्ट आला. मॅडमनी दोनदा नाव तपासलं. त्यांना वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली. असे आकडे त्यांनी एकाच माणसाचे पाहिले होते. सयाजींचे.

करिष्माचे उतरलेत. छान उतरलेत. आज ती आली होती. नखं रंगवलेली नव्हती. तिला म्हटलं, मला शब्द दे, शनिवारी येशील. 'येईन की' म्हणाली. बंटीला फोन करून सांगितलं, तिला एकटं सोडू नकोस. तो म्हणाला, ताई, उलट आता ती किती आनंदात आहे, कालच हसली. त्याला काय सांगू —

शनिवार, ११ जानेवारी

आली नाही.

परवापर्यंत येत होती. फोन उचलत नाही. बंटी कामावर. तिची खुर्ची रिकामी, आणि सगळे टीव्ही बघतायत. मी त्या टीव्हीवर काहीतरी फेकणार होते. जयदीपने हात धरला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आज तरी येईल म्हणून मशीनपाशी थांबले. आली नाही. तशीच तळवड्याला गेले.

दारात रांगोळी. ती काळी साडी नेसून आल्यागेल्याला तिळगूळ देत होती. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, पाय खांबासारखे. बोलताना दम लागत होता, आणि हसत होती. माझ्या हातावरही तिळगूळ ठेवला. मग माठातून पाणी घेतलं, माझ्यासमोर गटागटा प्यायली. पुन्हा घेतलं. मी तांब्या हिसकावला, तर रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, ताई, मला ना आता काहीच वाटत नाही. बाळाचंसुद्धा नाही. तुम्ही केलंत. थँक्यू.

बंटी बाहेर बोळात भिंतीला डोकं टेकून रडत होता. ती खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. रस्त्यावरच्या कोणा परक्याकडे बघावं तशी.

मी तिचे पाय धरले. खरोखर धरले. म्हटलं, मशीनसाठी नको, माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी चल. म्हणाली, तो चांगला आहे. त्याला दुसरी मिळेल.

ओढून नेता येत नाही. मॅडम म्हणाल्या, शुद्धीत आहे तोवर तिने नको म्हटलं तर —

माझ्या पोटात तिचं बाळ आहे. ओझं आहे. ते तिचं आहे. मला ते परत द्यायचंय.

गुरुवार, १६ जानेवारी

आणली. शुद्ध हरपली तेव्हा बंटीने उचलून रिक्षात घातली. श्वास घरघरत होता. मॅडम, जयदीप, सगळे धावले. मशीन लावलं. जगेल, म्हणाल्या मॅडम, आजचा दिवस जगेल. शनिवारी पुन्हा नको म्हणाली तर मात्र काही हातात नाही.

मशीन चालू झालं. तिचं रक्त नळीत आलं. उघड्यावर.

मी कानाशी बसले आणि बोलायला लागले. जे बाहेर पडतं ते आत जात नाही म्हणतात. पण तिच्या तोंडातून माझ्यात गेलंच ना! मग तसंच परत — 

बाळाचं सांगायला लागले. सातवा महिना म्हटलं, आणि पुढे शिफ्ट कधी सुटणार असं तोंडून आलं. थांबले. पुन्हा सुरुवात. जावेचं बाळ, सुईचा हात, आणि शटर ओढल्याचा आवाज. काय कोणाचं ते कळेना. सगळं एक झालंय आत. तिचं निवडून काढता येईना. वेळ जात होता, नळीतलं रक्त फिरत होतं — 

मग निवडलं नाही. सगळं दिलं. सयाजींचं लेकरू, यशवंतरावांचं वर्कशॉप, तिची मुलगी, सगळं. थांबताच येईना. माझंही आलं त्यात. बाबांचं 'बरंय'. त्यांच्यावरचा राग. त्यांची चप्पल घरात ठेवून आई अजून ती पुसते ते. सगळं सगळं — 

कोणी तोंड फिरवलं नाही या वेळी. शालनबाई हात जोडून बसल्या होत्या.

ती रडली.

आधी बंद डोळ्यांतून पाणी. मग तोंड वेडंवाकडं झालं, आणि असा हंबरडा फोडला की खालच्या दुकानातली माणसं वर आली. बंटीचा शर्ट मुठीत धरला. सोडेना. म्हणत होती, मला मरायचं नाही, मला मरायचं नाही.

शनिवार, १८ जानेवारी

आली. स्वतःहून. डोळे सुजलेले. येताना बंटीचा हात धरून होती. मशीन लागलं तशी तोंड मिटून बसली. जयदीपने विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, बरंय.

बंटी सांगत होता, रात्रभर रडते, परळीला फोन लाव म्हणते, तिथं आमचं कोणी नाही. पण जेवते. गोळ्या घेते. मंगळवारी कधी निघायचं ते तिनेच विचारलं.

मॅडमनी मला मिठी मारली. छान वाटलं असावं.

मनगट थांबलंय. एकदम शांत.

शालनबाईंनी मला जवळ बोलावलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. घरी कोन हाय तुझ्या, म्हणाल्या, आईला बोलावून घे, आजच बोलावून घे, न्हाईतर माझ्या घरी चल. मशीन लागलेलं असून रडत होत्या. त्यांना तसं करायचं नसतं ना.

मी हो म्हटलं. नंतर विसरले.

मंगळवार, २१ जानेवारी

गेले नाही कामावर.

आजारी नाही. काही दुखत नाही. पहिल्यांदाच इतकं हलकं. खिडकीतून ऊन आलंय, ते बघतेय. मालकीणबाई दार वाजवत होत्या, नळ चालू राहिलाय म्हणून. वाजवून गेल्या.

करिष्मा आज गेली असेल. गेली असेल तर चांगलं.

कधी जेवले ते आठवत नाही. भूक नाही. भात लावायचा तर उठावं लागेल.

बाबांचा चेहरा आठवून पाहिला. आठवतो. बस, आठवतो.

फोन वाजतोय. आईचा. सकाळपासून खूपदा आला. आता ती रडत असेल. मालकीणबाईंना करेल, सेंटरला करेल, एसटीत बसेल. उचलला तर विचारेल, जेवलीस का. उचलायला हवा. हातापाशीच आहे, पण